विलोच्या वाटेवरील चहागृह

चहाचा पेला ही अगदी साधी वस्तू आहे. पाणी, चहाची पाने, दूध आणि साखर एवढीच काय ती त्याची सामग्री. परंतु हा पेला कोठे बसून प्यावा आणि कोणाच्या संगतीत प्यावा, या प्रश्नाला एकेकाळी मोठे महत्त्व होते. स्कॉटलंडमधील ग्लासगो या शहरात या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता एक सुंदर वास्तू उभी राहिली. 1903 साली उघडलेल्या या चहागृहात आजही लोक चहा पितात. पण तेथे केवळ चहा मिळतो असे नाही. तेथे कलेवर व्याख्याने होतात, पाहुण्यांना वास्तूची फेरी घडविली जाते आणि कार्यशाळांत लोक स्वतःच्या हातांनी काही घडवून पाहतात. चहागृह हे शाळाही कसे झाले, याची हकिगत मोठी बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकात ग्लासगो हे उद्योगधंद्यांचे मोठे केंद्र होते. क्लाइड नदीच्या काठी जहाजे बांधली जात. आगगाडीची इंजिने तयार होत. शेकडो धुराड्यांतून निघणाऱ्या धुराने घरांच्या भिंती काळवंडून जात. दुपारच्या सुटीत कामगार आणि कारकून जेवणासाठी बाहेर पडत, तेव्हा त्यांचे पाय बहुधा मद्यालयाकडे वळत. मद्यपानामुळे अनेक कुटुंबांची धूळधाण होत होती. म्हणून मद्यपानाविरुद्ध तेथे मोठी चळवळ सुरू झाली. परंतु नुसते 'मद्य पिऊ नका' असे सांगून भागत नाही. मद्यालयाऐवजी जाऊन बसावे अशी दुसरी चांगली जागाही हवी. स्त्रियांची अडचण तर याहून मोठी होती. बाजारहाटासाठी शहरात आलेल्या स्त्रीला एकटीने निःसंकोचपणे बसून दोन घास खाता येतील, अशी स्थाने फारच थोडी होती.

याच काळात चहा स्वस्त होऊ लागला होता. पूर्वी ब्रिटनमध्ये जाणारा चहा मुख्यत्वे चीनमधून येई. 1839 साली आसामात पिकलेल्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. शतकाच्या अखेरीस भारत आणि श्रीलंका येथील मळ्यांचा चहा ब्रिटनच्या घराघरांत पोहोचला. आसामच्या मळ्यात मजुरांनी कष्टाने खुडलेली पाने हजारो मैलांचा प्रवास करून थंड प्रदेशातील लोकांना ऊब देऊ लागली.

ग्लासगोमध्ये स्टुअर्ट क्रॅन्स्टन नावाचे एक चहाचे व्यापारी होते. गिऱ्हाइकांना चहाची चव पाहता यावी म्हणून 1875 साली त्यांनी आपल्या दुकानात काही मेजे मांडली आणि थोडे मोल घेऊन चहाचा पेला देण्यास सुरुवात केली. ही कल्पना लोकांना आवडली. मात्र तिचे खरे सामर्थ्य ओळखले ते त्यांच्या धाकट्या बहिणीने. तिचे नाव केट क्रॅन्स्टन.

केट क्रॅन्स्टन यांचा जन्म 1849 साली झाला. त्या काळी स्त्रीने स्वतःचा व्यवसाय करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. तरीही 1878 साली त्यांनी आर्गाइल स्ट्रीट या रस्त्यावर आपले पहिले उपाहारगृह उघडले. स्वच्छता, ताजे पदार्थ आणि नम्र सेवा यांविषयी त्या अतिशय दक्ष असत. 1892 साली त्यांचा विवाह झाला, परंतु व्यवसायात त्यांनी 'मिस क्रॅन्स्टन' हेच नाव कायम ठेवले. हळूहळू शहरात त्यांची चार चहागृहे झाली. तेथे पुरुषांसाठी वाचनाच्या व बिलियर्ड खेळण्याच्या खोल्या असत आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र दालने असत. दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस तेथे चार घटका शांतपणे बसू शके.

पण क्रॅन्स्टनबाईंचे मोठेपण एवढ्यावरच संपत नाही. शरीराला अन्न हवे, तसे डोळ्यांना सौंदर्य हवे, हे त्यांनी जाणले होते. धुराने काळवंडलेल्या शहरात राहणाऱ्या सामान्य माणसालाही चहाच्या निमित्ताने सुंदर वस्तू पाहावयास मिळाव्यात, असा त्यांचा आग्रह असे. यासाठी त्यांनी एखाद्या नामांकित वृद्ध कलावंताची निवड केली नाही. अद्याप विशेष नाव न मिळविलेल्या एका तरुणावर त्यांनी विश्वास टाकला.

त्या तरुणाचे नाव चार्ल्स रेनी मॅकिंटॉश. त्यांचा जन्म 1868 साली ग्लासगो येथेच झाला. त्यांचे वडील पोलीस खात्यात नोकरीस होते. दिवसा वास्तुशिल्पकाराच्या हाताखाली उमेदवारी करावयाची आणि संध्याकाळी कलाशाळेच्या वर्गात रेखाटन शिकावयाचे, असा त्यांचा क्रम होता. याच कलाशाळेच्या वर्तुळात त्यांची मार्गारेट मॅक्डोनल्ड या कुशल चित्रकर्तीशी ओळख झाली. 1900 साली त्या दोघांचा विवाह झाला आणि पुढे अनेक कामे त्यांनी एकमेकांच्या साहाय्याने केली. क्रॅन्स्टनबाईंच्या आधीच्या चहागृहांत मॅकिंटॉश यांनी भिंती रंगविल्या होत्या, खुर्च्या-मेजे घडविली होती. आता बाईंनी त्यांच्या हाती एक संपूर्ण इमारत सोपविली.

ही इमारत सॉकीहॉल स्ट्रीट या रस्त्यावर आहे. या नावातच विलो वृक्ष दडलेला आहे. स्कॉटलंडच्या बोलीत 'सॉ' म्हणजे विलो आणि 'हॉ' म्हणजे नदीकाठचे सखल कुरण. विलो हे आपल्याकडील वाळुंजाच्या जातीचे झाड होय. क्रिकेटची बॅट ज्या लाकडाची करतात, तेच हे लाकूड. एके काळी जेथे विलो वृक्ष डोलत होते, तेथे आता दगडी रस्ता झाला होता. मॅकिंटॉश दांपत्याने ठरविले, की हरवलेली ती वृक्षराजी या वास्तूत पुन्हा आणावयाची. म्हणून विलोची लवलवती पाने व लांब फांद्या यांची आठवण करून देणाऱ्या रेषा तेथे जागोजागी दिसतात. तळमजल्यावर चहागृहाची व्यवस्थापिका जेथे बसे, तेथील खुर्चीची पाठ वक्र व जाळीदार आहे. दुरून पाहिल्यास त्या जाळीत एका वृक्षाची आकृती दिसते.

मॅकिंटॉश यांनी केवळ भिंती उभारल्या नाहीत. खुर्च्या, मेजे, दिवे, गालिचे, चमचे अशा लहानमोठ्या सर्व वस्तूंचा विचार त्यांनी एकत्र केला. गाण्यातील प्रत्येक स्वर जसा दुसऱ्या स्वराशी जुळावा लागतो, तशी दालनातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूशी जुळली पाहिजे, अशी त्यांची दृष्टी होती. त्यांच्या काही खुर्च्यांच्या पाठी फार उंच असत. त्या केवळ शोभेसाठी होत्या असे नाही. अशा चार खुर्च्या मेजाभोवती मांडल्या, की मोठ्या दालनातही त्या चौघांची जणू एक वेगळी लहानशी खोली तयार होई.

पहिल्या मजल्यावरील विशेष दालन हे या वास्तूचे रत्न होय. रस्त्याच्या बाजूस कमानदार वळणाची खिडकी, आरशांच्या पट्ट्या, चंदेरी रंगाच्या खुर्च्या आणि जांभळ्या छटांचे काचकाम यांनी ते दालन उजळून निघते. तेथे बसून चहा घ्यावयाचा तर एक पेनी अधिक द्यावी लागे. या दालनात मार्गारेट यांनी घडविलेले एक भित्तिशिल्प होते. इंग्रज कवी रोझेटी यांच्या विलोवनाविषयीच्या काव्यावरून त्यांना ते सुचले. गोणपाटासारख्या जाड कापडावर खडूच्या भुकटीचा व सरसाचा लेप देऊन, त्यावर सुतळीने रेषा उठवून आणि काचेचे मणी बसवून ते तयार केले होते. सुतळी, खडू आणि काच या वस्तू किती सामान्य! परंतु कलावंताच्या हाताने त्यांनाच मोल आले.

काळ मात्र कोणासाठी थांबत नाही. 1917 साली पतीचे निधन झाल्यावर क्रॅन्स्टनबाईंचे मन व्यवसायातून उडाले आणि त्यांनी आपली चहागृहे विकली. पुढे ही वास्तू एका मोठ्या दुकानाचा भाग बनली. जेथे चहा मिळत असे, तेथे माल विकला जाऊ लागला. खुर्च्या-मेजे पांगली. मॅकिंटॉश यांनाही उत्तरायुष्यात कामे मिळेनाशी झाली आणि 1928 साली ते लंडन येथे निवर्तले. ज्या कलावंताचे नाव आज जगभर घेतले जाते, त्याची कदर त्याच्या हयातीत पुरेशी झाली नाही.

तथापि, वास्तूचे भाग्य पुन्हा उजळले. 1983 साली तेथे पुन्हा चहा मिळू लागला. 2014 साली वास्तू मोडकळीस येऊ लागल्याचे पाहून ती वाचविण्यासाठी एक विश्वस्त संस्था पुढे आली. मग जीर्णोद्धाराचे मोठे काम सुरू झाले. नाहीशा झालेल्या वस्तू पुन्हा कशा करावयाच्या? याकामी जुनी छायाचित्रे, मूळ आराखडे आणि संग्रहालयांत जपून ठेवलेले नमुने उपयोगी पडले. सुतारांनी खुर्च्या घडविल्या, काच-कारागिरांनी काचा कापल्या. मार्गारेट यांचे मूळ भित्तिशिल्प शहराच्या संग्रहालयाच्या ताब्यात आहे, म्हणून दालनासाठी त्याची हुबेहूब प्रतिकृती करण्यात आली. 2018 साली ही वास्तू पुन्हा लोकांसाठी खुली झाली. 2024 पासून तिची देखभाल स्कॉटलंडचा राष्ट्रीय वारसा जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था करीत आहे.

नव्या रूपातील या चहागृहात शिक्षणाचे कार्य तीन प्रकारे चालते. पहिला प्रकार फेरीचा. मार्गदर्शक पाहुण्यांना दालनादालनांतून नेतो आणि ज्यावरून नजर सहज निसटून जाईल, अशा गोष्टींकडे लक्ष वेधतो. दुसरा प्रकार व्याख्यानांचा. जाणकारांच्या तोंडून त्या काळाचा व कलेचा इतिहास ऐकावयास मिळतो. तिसरा प्रकार कार्यशाळांचा. येथे ऐकणाऱ्याचे हात कामाला लागतात.

हाताने करून पाहण्यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. काचकामाचेच उदाहरण घेऊ. रंगीत काचेच्या दारासमोर उभे राहिले, की ते केवळ सुंदर दिसते. पण ते करावयास बसले, की प्रत्येक तुकडा अचूक मापाने कापावा लागतो. शिशाच्या खाचदार पट्टीत तो बसवावा लागतो. पट्ट्या जेथे मिळतात, तेथे डाख द्यावा लागतो. एक तुकडा जरासा मोठा झाला, तर शेजारचा बसत नाही. असे दोनदा चुकल्यावर मग दारातील शेकडो तुकड्यांमागचे श्रम ध्यानी येतात. डोळ्यांनी पाहिलेले कौतुक हातांनी केल्यावर आदरात बदलते.

अशा शिक्षणाची गरज किती आहे, हे एका दुःखद घटनेवरून समजते. मॅकिंटॉश यांची सर्वश्रेष्ठ कृती मानली जाणारी ग्लासगोची कलाशाळा या चहागृहापासून जवळच आहे. 2014 साली तिला आग लागली आणि तिचे विख्यात ग्रंथालय भस्मसात झाले. दुरुस्ती चालू असतानाच 15 जून 2018 रोजी पुन्हा आग लागून जवळजवळ संपूर्ण इमारत जळाली. चहागृहाचा जीर्णोद्धार होत होता, त्याच उन्हाळ्यात त्याच वास्तुशिल्पकाराची थोर कृती राख झाली. दगड आणि लाकूड केव्हा नष्ट होईल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती वस्तू कशी घडविली, हे ज्ञान जर अनेक माणसांच्या हातांत जिवंत असेल, तर ती पुन्हा उभारण्याची आशा उरते.

केट क्रॅन्स्टन 1934 साली निवर्तल्या. आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनी ग्लासगोच्या गरिबांसाठी ठेवला. 2020 साली स्कॉटलंडमधील एका बँकेने वीस पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. हा त्यांचा मोठाच गौरव होय. परंतु त्यांचे खरे स्मारक त्या नोटेवर नाही. विलोच्या त्या जुन्या वाटेवर एखादी थकलीभागली स्त्री आजही निःसंकोच आत येऊन बसते, तिच्यापुढे वाफाळलेला पेला येतो आणि शेजारच्या मेजावर एखादा मुलगा खुर्चीची जाळी न्याहाळीत कागदावर पहिली रेषा ओढतो. तेच त्यांचे स्मारक होय.