काका, जहाज कोणतं?

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, तिकडं आळंद. कुठूनही निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळं आमच्या भागात फौजेतून निवृत्त झालेला कुणीही असो, गावासाठी तो ‘मिलट्रीतला’. नौदलात पंधरा वर्षं काढलेल्या म्हाताऱ्यालाही झेंडावंदनाला बोलावतात ते याच नावानं. फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात, ‘यांनी सीमेवर देशाचं रक्षण केलं’ असं सांगतात. टाळ्या मनापासूनच्या असतात. पण ज्याची सीमा खाऱ्या पाण्यात होती, त्याची सगळी नोकरी त्या एका वाक्यात हरवते. म्हणून माझा आग्रह आहे, हार घालण्याआधी विचारा, “काका, जहाज कोणतं?”

नौदलात जहाज हीच पलटण. 1971 च्या युद्धात 4 डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. नौदल दिन त्याच तारखेचा. पाचच दिवसांनी, 9 तारखेच्या रात्री, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं ‘खुकरी’ बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले. जहाजावर तोफेपाशी मोजकेच असतात. बाकीचे इंजिनाजवळ, वायरलेसवर, भटारखान्यात. टॉर्पेडो लागला तर खालच्या मजल्यावरच्या माणसाला वर यायला अरुंद शिडी आणि झाकणाएवढी वाट. तेव्हा ‘मी कुठं लढलो, मी तर स्वयंपाक करायचो’ असं कुणी संकोचून म्हणालं, तर त्याला पुढच्या खुर्चीवर बसवा.

पदकांची डबीही पाहायला मागा. पूर्वी स्टार बांगलादेशाच्या बाजूच्या मोहिमेचा, पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीचा. संग्राम पदकाची कडा उजेडात तिरपी धरली की बारीक अक्षरांत कोरलेला क्रमांक आणि नाव दिसतं. जहाज सहसा तिथं नसतं. ते नोकरीच्या कागदांत सापडतं, नाहीतर त्याच्याच तोंडून कळतं.

समुद्र लांब असला म्हणून तो सुटत नाही. 1971 मध्ये ‘कामोर्ता’चे कप्तान असलेले, वीरचक्राचे मानकरी व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत राहिले. शिडाच्या बोटीतून भारतीयानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. 2010 मध्ये दिलीप दोंदे ती पुरी करून आले. 2018 मध्ये आवटी गेले. वृद्ध योद्ध्याचा ध्यास त्याच्या डोळ्यांदेखत पुरा व्हावा, याहून मोठा सत्कार मला माहीत नाही.

आमच्या मांजरेचं पाणी गोदावरीला जातं. दुसऱ्या महायुद्धात ‘गोदावरी’ नावाची भारतीय युद्धनौका होती. 12 ऑगस्ट 1944 ला सेशेल्सजवळ तिनं ‘फिंडहॉर्न’ या ब्रिटिश जहाजाच्या साथीनं जर्मन पाणबुडी यू-198 बुडवली. त्या पिढीतले जे कुणी उरले असतील, ते शंभरीच्या घरात आहेत. 1971 चा विशीतला पोरगाही पंचाहत्तरीला टेकला. त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवा. मराठीत, कन्नडात, दखनीत, जसं येईल तसं. आणि सत्कारपत्र छापायला देण्याआधी त्यात तीन ओळी वाढवा: जहाजाचं नाव, तिथलं काम, साल.