प्रोजेक्ट चौघांचा, काम एकाचं? मग भागीदारीत धंदा टाकू नका!



परवा आपल्या कर्जतमध्ये (नगरचं कर्जत बरं का, लोकलवालं नाही) सेशन संपल्यावर चार पोरं थांबली. चौघंही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. एक राशीनचा, एक मिरजगावचा, दोघं कर्जतचेच. म्हणाले, "सर, पास झालो की चौघं मिळून धंदा टाकायचाय. कोणता टाकू?"

मी उलटा प्रश्न केला, "तुमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट कोण करतंय?"

तिघांनी एकदम चौथ्याकडे बघितलं. चौथा खाली बघून हसला.

मित्रांनो, धंदा कोणता टाकायचा हा नंतरचा विषय. चार माणसं एका कामाला लागली की काय काय होतं, हे शिकायची सगळ्यात स्वस्त शाळा म्हणजे कॉलेजचा ग्रुप प्रोजेक्ट. तिथं चुकलं तर मार्क जातात. धंद्यात चुकलं तर बापाची जमीन जाते. म्हणून आजचा विषय हाच.

प्रोजेक्ट ठेवलाय कशासाठी?

बऱ्याच जणांना वाटतं, प्रोजेक्ट म्हणजे मॉडेल आणि काळ्या बाइंडिंगचा रिपोर्ट. काही जण तर दोन्ही विकत आणतात. पण इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांचं मूल्यांकन करणाऱ्या एनबीए या संस्थेने वर्षानुवर्षं वापरलेली १२ गुणांची यादी बघा. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, म्हणजे आपल्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदवीची मोजपट्टी जगाशी जोडली गेली. त्या यादीत गणित, डिझाइन तर आहेच. पण टीममध्ये काम करणं, आपलं म्हणणं नीट मांडणं, कामाचं आणि पैशाचं नियोजन, व्यवसायातली नीती हेही आहे. आता सांगा, ही यादी नोकरदाराची आहे की धंदेवाल्याची? दोघांचीही आहे.

पुण्याच्या पोरांनी काय केलं?

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला. वजन साधारण एक किलो. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून एकूण २० उपग्रह सोडले, त्यात हा एक होता. हौशी रेडिओवाल्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निरोप पाठवता यावेत, हे त्याचं काम.

आता गंमत बघा. हे काम सुरू झालं २००८ च्या सुमारास. इंजिनिअरिंगची डिग्री चार वर्षांची आणि प्रोजेक्ट आठ वर्षांचा! म्हणजे ज्यांनी सुरुवात केली, ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पास होऊन बाहेर पडलेले. आयआयटी मुंबईच्या 'प्रथम' उपग्रहाचंही तसंच. सुरुवात २००७ ला, उड्डाण २६ सप्टेंबर २०१६ ला.

मग एका बॅचचं काम पुढच्या बॅचला कसं कळलं असेल? "त्याला माहीत होतं, पण तो गेला" असं म्हणून चालणारच नाही. काय ठरलं, का ठरलं, कोणती टेस्ट फेल गेली, हे सगळं मागे सोडून जावं लागतं. आणि उपग्रह एकदा वर गेला की पाना घेऊन दुरुस्तीला जाता येत नाही.

आपल्या धंद्यात तरी वेगळं काय? मशीन चालवणारा पोरगा दिवाळीनंतर येत नाही. उधारी कोणाकडे किती, हे फक्त एका भागीदाराच्या डोक्यात असतं. तो आजारी पडला की दुकान आजारी पडतं. जे काम एकाच माणसाच्या डोक्यात आहे, ते अजून धंद्याचं झालेलं नाही.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ

उपग्रह लांबची गोष्ट झाली. आपण लिंबाकडे येऊ. कर्जत-श्रीगोंदा पट्ट्यात कागदी लिंबू भरपूर. समजा, चौघांनी लिंबाची प्रतवारी करणारं छोटं मशीन प्रोजेक्टला घेतलं. तत्त्व सोपं आहे. दोन फिरते रोलर, त्यांच्यातली फट पुढे पुढे रुंद होत जाते. बारीक लिंबू आधी खाली पडतं, मोठं नंतर.

ड्रॉइंग चौघांपैकी कोणीही काढेल. खरी परीक्षा पुढची आहे:

१. गिऱ्हाइकाला विचारणं. एकाने बाजारात जाऊन व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला विचारायचं. माल किती साइजमध्ये वेगळा करता? हाताने करायला किती बायका, किती तास लागतात? साल खरचटली तर भाव किती पडतो? शेडवर लाइट कधी असते? ही उत्तरं मिळेपर्यंत लोखंड आणायचं नाही.

२. कामाला नाव लावणं. "सगळे मिळून करू" म्हणजे कोणीच करत नाही. फ्रेम कोणाची, मोटार-वायरिंग कोणाची, खरेदी कोणाची, रिपोर्ट कोणाचा, आणि कोणत्या तारखेला, हे कागदावर हवं.

३. हिशोबाची वही. बेअरिंग, अँगल, पत्रा, मोटार, वेल्डिंगची मजुरी, टेम्पोभाडं. पावती नाही तर पैसे नाहीत. चौघांनी आपापला वेळही लिहायचा. कोण किती तास खपला हे वर्षाच्या शेवटी आपोआप दिसतं, भांडावं लागत नाही.

४. तोंडावर बोलणं. एक जण तीन आठवडे आलाच नाही, तर मागे कुजबुज करायची नाही. बसून विचारायचं, "अडचण काय आहे? हे काम तुला जमेल का, की बदलून देऊ?" हे वाक्य जो कॉलेजमध्ये बोलायला शिकला, तो पुढे कामगाराशी आणि भागीदाराशीही बोलू शकतो.

माझ्या स्वतःच्या ग्रुपमध्ये हे कोणीच बोललं नाही. मीही नाही. मी बहुतेक काम एकट्याने ओढलं आणि मनात राग धरला. व्हायवामध्ये चौघांनाही सारखेच मार्क. त्यातल्या एका मित्राशी पुढे कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आज कळतं, चूक त्याची होती, पण न बोलण्याची चूक माझीही होती.

आता कायदा ऐका

कॉलेजात सारखे मार्क मिळतात, म्हणून आपण चिडतो. पण भारतीय भागीदारी कायदा, १९३२ काय म्हणतो? भागीदारांमध्ये वेगळं काही ठरलेलं नसेल, तर नफा सारखा वाटायचा आणि तोटाही सारखाच. एक जण दिवसभर राबला आणि दुसरा फक्त संध्याकाळी चहाला आला, तरी! राबणाऱ्याला वेगळा पगारही मागता येत नाही, तसं आधी ठरलं नसेल तर. आणि फर्मच्या कामातून झालेल्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. शिवाय फर्मची नोंदणी नसेल, तर बाहेरच्या पार्टीने थकवलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा लावणं साधारणपणे अडतं.

म्हणून दोस्ती घट्ट असतानाच भागीदारीचा करार लेखी करा. दोस्ती तुटल्यावर कोणी सही करत नाही.

आजचं काम

त्या चार पोरांना मी धंदा सुचवला नाही. दहा रुपयांची वही घ्यायला सांगितलं. पहिल्या पानावर चौघांची नावं, प्रत्येकापुढे त्याचं काम आणि तारीख. खाली चौघांच्या सह्या. दर शनिवारी अर्धा तास बसून वही उघडायची.

तुम्हीही करून बघा. कॉलेज संपलेलं असेल, तरी दोन-तीन महिन्यांचं छोटं काम मिळून घ्या. गणपतीतला स्टॉल चालेल, दिवाळीतला फराळ चालेल. शेवटच्या दिवशी वही वाचा. वहीत चारही नावांपुढे काम झालेलं दिसलं, तर करार करायला बसा. एकाच नावापुढे दिसलं, तर मैत्री ठेवा, भागीदारी नको.

भेटू पुढच्या व्हिडिओत.