मन्रोची फटफटी आणि मोडक्या भागांची फळी

पावसाने ओढ दिली म्हणजे जिंतूर तालुक्यातील शेतकऱ्यास विहिरीवरील इंजिनाची आठवण होते, आणि नेमके त्याच वेळी ते रुसून बसते. येलदरीचे धरण ह्याच तालुक्यात पूर्णा नदीवर आहे खरे. परंतु त्याचे पाणी प्रत्येक रानास पोहोचत नाही. अशा वेळी जुन्या इंजिनाचा वा जुन्या फटफटीचा एखादा भाग मोडला, आणि बाजारात तो मिळेनासा झाला, की 'आता हे भंगारात घाला' असा सल्ला चोहोंकडून मिळतो. आम्हीही एकदा तो मानला, आणि मागाहून पस्तावलो. ज्या एका कारागिराने हा सल्ला सत्तेचाळीस वर्षे मानला नाही, त्याचे स्मरण म्हणूनच आज वाचकांस करून देत आहो.

हा कारागीर न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो होय. जन्म १८९९ सालचा, इन्व्हरकारगिलचा. बालपण बापाच्या शेतावर गेले. १९२० साली त्याने 'इंडियन स्काउट' ह्या नावाची फटफटी घेतली. (नावावरून ती आपल्याकडील असेल असे कोणी समजू नये, कारखाना अमेरिकेतील स्प्रिंगफील्डचा.) इंजिन ६०० घन सेंटिमीटरचे, वेग ताशी ५५ मैल. मन्रोस अधिक वेग हवा होता. परंतु जवळ पैसा नव्हता, आणि त्यास हवे तसे भाग कोणी बनवीतही नव्हते. तेव्हा ते त्याने स्वतःच बनविण्यास आरंभ केला.

आमच्या मिस्त्री बंधूंनी पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा. सिलिंडरासाठी त्याने गॅसचे जुने बिडाचे नळ घेतले. पिस्टन ओतण्यास जुन्या डब्यांचे साचे केले. माप घेण्यास पुष्कळदा मायक्रोमीटरऐवजी चाकाची जुनी तार वापरली. आणि कनेक्टिंग रॉड तर कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसातून हाताने घडविला. येथे त्याची खरी अक्कल दिसते. पिस्टन टोकास जाऊन थांबतो आणि उलट फिरतो, त्या क्षणी सारी ओढ ह्या दांड्यावर येते. फेरे दुप्पट झाले की ती ओढ चौपट होते. ट्रॅक्टरचा आस तर अवजड कामाचा पीळ सोसण्यासाठीच केलेला असतो. शेतातील पोलाद शर्यतीच्या इंजिनास चालेल, हे शेतकऱ्याच्या मुलासच सुचावयाचे!

तरीही इंजिने वारंवार फुटत. मोडलेले पिस्टन व दांडे मन्रो एका फळीवर मांडून ठेवी, आणि 'वेगदेवतेस अर्पण' अशा अर्थाची अक्षरे त्याने तेथे लिहिली होती. थट्टा बाजूस ठेवली तरी ती फळी आम्हांस फार मोलाची वाटते. चीर कोठून निघाली, धातू कोठे निळा पडला, रिंग कोणत्या बाजूस घासली, हे मोडका तुकडाच सांगतो. तो भंगारवाल्याच्या पोत्यात गेला की सांगणारा उरत नाही. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीही १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, आणि पुढे लोखंडी नांगर काढला, हे वाचकांस ठाऊक आहेच.

दिवसा नोकरी व रात्री काम, असा मन्रोचा क्रम अनेक वर्षे चालला. पुढे त्याने नोकरी सोडली, संसारही मोडला. हा भाग अनुकरणीय नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

अमेरिकेत यूटा संस्थानात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. तेथे १९६२ साली त्याने पहिला विक्रम केला. १९६७ साली, ६८ वर्षांच्या वयात व हृदयविकार असताना, त्याच जुन्या फटफटीवर तो ताशी १८३.५८६ मैल वेगाने धावला. इंजिन तोवर वाढवीत वाढवीत सुमारे ९५० घन सेंटिमीटरचे झाले होते. हिशेबातील चूक पुढे त्याच्या मुलाच्या ध्यानात आली, आणि २०१४ साली हा आकडा १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर, असा दुरुस्त करण्यात आला. मन्रो मात्र १९७८ सालीच निवर्तला होता.

त्याची फटफटी इन्व्हरकारगिल येथे एका लोखंडी सामानाच्या दुकानात ठेवलेली आहे. खिळे व बिजागऱ्या घेण्यास आलेले गिऱ्हाईक तिच्याजवळ थोडे थांबते, आणि मग आपल्या कामास लागते.