380 रुपयांचा स्विच आणि 5,400 रुपयांचं बिल: जुनी गाडी तापते तेव्हा आधी काय तपासायचं?

मागच्या व्हिडिओत मी धंद्यासाठी जुनी गाडी घ्यावी की नाही यावर बोललो होतो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता: "दादा, गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, काय करू?" याचं उत्तर मी पैसे मोजून शिकलोय. म्हणून आज सविस्तर लिहितो.

खंबाटकी घाटातली ती संध्याकाळ

दुकान सुरू करून जेमतेम वर्ष झालं होतं. साताऱ्यात डिस्पोजेबल आणि पॅकिंग मटेरियलचं छोटं दुकान, आणि माल आणायला सेकंडहँड घेतलेली जुनी कार्बोरेटरवाली व्हॅन. लग्नसराई होती. एका केटररची 14,000 रुपयांची ऑर्डर होती, ताटं-वाट्या-ग्लास संध्याकाळी 7 पर्यंत पोचवायचे होते. पुण्यात रविवार पेठेतून माल भरला आणि दुपारी निघालो.

हायवेला गाडी एकदम मस्त. खंबाटकी घाट चढायला लागलो आणि पुढे ट्रक बंद पडलेला. गाड्यांची रांग जागेवर उभी. दहाएक मिनिटांत टेंपरेचरचा काटा वर सरकत सरकत लाल रेषेला टेकला. इंजिन बंद केलं. पाऊण तास गाडी थंड व्हायची वाट बघत बसलो. रांग हलल्यावर निघालो तर काटा आपोआप खाली! पुढे पुन्हा रांग, पुन्हा काटा वर.

पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. केटररने दुसऱ्याकडून माल उचलला होता. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, "दादा, लग्नात जेवण थांबत नाही." त्या सीझनला त्याची एकही ऑर्डर मला आली नाही.

मी काय चूक केली?

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला लावली. "रेडिएटर चोक असणार" म्हणाले. रेडिएटर साफ केला, कॅप बदलली. चार दिवसांनी बाजारात पुन्हा तापली. मग "वॉटर पंप गेला असणार". पंप बदलला, थर्मोस्टॅटही बदलला. दोन्ही फेऱ्यांचं मिळून बिल 5,400. आठवड्याने नगरपालिकेसमोरच्या ट्रॅफिकमध्ये काटा पुन्हा लाल!

शेवटी एका गाड्यांच्या वायरमनकडे गेलो. त्याने एकच प्रश्न विचारला: "चालताना तापते की उभी असताना?" मी म्हटलं, उभी असताना. त्याने फॅनच्या स्विचचं कनेक्टर काढलं, वायरच्या तुकड्याने दोन टोकं जोडली, चावी फिरवली. फॅन गरगर फिरायला लागला. "फॅन चांगला आहे. स्विच मेलाय." स्विच 280 रुपये, मजुरी 100.

बघा, घाटात गाडीने मला उत्तर दिलंच होतं. चालती गाडी थंड, उभी गाडी गरम. मी ते गॅरेजवाल्याला सांगितलंच नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. भाग जुना झाला होता, त्यात कोणाचा दोष नाही. पण "असणार" या शब्दावर मी 5,400 रुपये दिले, हा दोष माझा.

हा स्विच करतो काय?

गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, तेव्हा इलेक्ट्रिक फॅन लागतो. कार्बोरेटरच्या काळातल्या अनेक गाड्यांमध्ये हा फॅन सुरू करायचं काम एक छोटा टेंपरेचर स्विच करतो. कोणी त्याला फॅन स्विच म्हणतं, कोणी थर्मो स्विच. तो रेडिएटरच्या टाकीत किंवा इंजिनवर थर्मोस्टॅटच्या आसपास बसवलेला असतो. कूलंट ठरावीक तापमानाला पोचला, साधारण 90 ते 95 अंशांच्या आसपास, की आतला संपर्क जुळतो आणि फॅन सुरू होतो. कूलंट थंड झाला की बंद. आकडा गाडीनुसार बदलतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा: डॅशबोर्डचा काटा हलवणारा सेन्सर बहुतेक वेळा वेगळा असतो. म्हणून काटा बरोबर दाखवतो, पण फॅन लागत नाही, असं होऊ शकतं.

तपासायचा क्रम: फुकटपासून महागाकडे

1. कूलंट बघा. इंजिन पूर्ण थंड असतानाच कॅप उघडा. गरम रेडिएटरची कॅप उघडणं म्हणजे तोंडावर उकळतं पाणी. पातळी कमी असेल तर स्विच हवेत राहतो, त्याला उष्णता कळतच नाही आणि चांगला स्विचही फॅन लावत नाही.

2. उभ्या गाडीवर नजर ठेवा. इंजिन चालू ठेवा, काटा अर्ध्याच्या वर जाऊ द्या. फॅन लागतो का? काटा लाल रेषेजवळ गेला तर लगेच बंद करा. गाडीला एसी असेल तर तो लावून बघा. बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर फॅन लागतो. तसा लागला तर मोटर ठीक आहे.

3. दोन्ही पाइप लांबूनच चाचपा. वरचा पाइप कडक गरम आणि खालचा गारच असेल, तर थर्मोस्टॅट अडकल्याची शक्यता आहे. मग स्विचला दोष देऊ नका.

4. फ्यूज आणि कनेक्टर. फ्यूज उडालाय का, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का ते बघा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा टाका.

5. वायरची टेस्ट. इंजिन बंद, चावी ऑन. स्विचचं कनेक्टर काढा. दोन वायर असतील तर कनेक्टरची दोन टोकं वायरने जोडा. एकच वायर असेल तर ती इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. फॅन फिरला तर मोटर, फ्यूज, वायरिंग सगळं ठीक, संशय स्विचवर. नाही फिरला तर रिले बघा, मग मोटरला थेट बॅटरीवरून करंट देऊन बघा. हात, ओढणी, शर्टाची बाही फॅनपासून लांब!

सावधान: ही टेस्ट फक्त साध्या स्विचवाल्या जुन्या गाड्यांसाठी. ज्या गाडीत फॅन ईसीयू चालवतो, तिथे वायरी जोडत बसू नका, स्कॅनरवाल्याकडे जा.

6. पक्का पुरावा: पाण्याची टेस्ट. काढलेला स्विच जुन्या भांड्यात दोऱ्याने लटकवा. फक्त आट्यांचा भाग पाण्यात, पिना कोरड्या. मल्टिमीटर बीपवर लावा आणि पाणी तापवा. ठरलेल्या तापमानाला बीप वाजली आणि थंड झाल्यावर थांबली, तर स्विच चांगला. वाजलीच नाही तर मेलेला. ते भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका, कूलंट विषारी असतो.

उलटंही होतं. सकाळी थंड गाडीची चावी फिरवताच फॅन लागतो आणि थांबतच नाही? कनेक्टर काढा. फॅन थांबला तर स्विच आत चिकटलाय. तरी चालूच राहिला तर रिले किंवा वायरिंग बघा.

बदलताना

इंजिन थंड हवं. स्विच काढताच कूलंट वाहणार, म्हणून खाली ट्रे आणि हातात नवा स्विच तयार ठेवा. जुन्याच तापमानाचा घ्या, वॉशर नवा टाका. एका वायरच्या स्विचला आर्थिंग आट्यांमधून मिळतं, त्यामुळे टेप गुंडाळू नका. जास्त आवळू नका, आटे जातात. मग कूलंट भरा, हवा निघू द्या आणि फॅन आपोआप लागतो-बंद होतो हे डोळ्यांनी बघूनच गाडी बाहेर काढा.

"दादा, फॅन डायरेक्ट करून देऊ का?"

हे तुम्हाला हमखास विचारतील. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक. कायमचं नको. डॅशबोर्डवर बटण लावलं आणि एक दिवस दाबायला विसरलात, तर हेड गॅस्केट जातो, आणि मग बिल हजारांत. फॅन सतत चालू ठेवला तर मोटर झिजते, बॅटरी-अल्टरनेटरवर लोड येतो. फ्यूज न लावता ओढलेली वायर तर आगीला निमंत्रण. 280 रुपये वाचवायला एवढी जोखीम?

धंद्यासाठी यातून काय घ्यायचं?

बीबीएला "रूट कॉज" वर मी अख्खं उत्तर लिहून मार्क मिळवले होते. खरं ते समजलं त्या वायरमनच्या दोन मिनिटांत. तेव्हापासून पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारतो: "हे कशावरून कळलं?" मेकॅनिकला विचारतो, अकाउंटंटला विचारतो, स्वतःलाही विचारतो. विक्री कमी झाली की आपण लगेच बोर्ड बदलतो, जाहिरात लावतो. आधी बघा ना, गिऱ्हाईक येतच नाही, की येऊन परत जातं? दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

आणि माल पोचवायची गाडी हा तुमच्या दुकानाचाच भाग आहे. सीझनच्या आधी एक रविवार काढा, गाडी दारात उभी करून चालू ठेवा आणि फॅन लागतो का बघा. अर्धा तास जाईल. माझा तो केटरर दीड वर्षाने परत आला, तोही मी दोनदा जाऊन भेटलो म्हणून.

तुमची गाडी चालताना तापते की उभी असताना? आज नीट बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!