थकव्यामागच्या दोन लहान ग्रंथी

‘अंगात त्राणच उरले नाही’ ही तक्रार आपल्या कुटुंबांतून वारंवार कानी येते. ती घरातील गृहिणीने केली तर कामाचा कंटाळा म्हणून, वृद्धाने केली तर वयोमान म्हणून आणि तरुणाने केली तर आळस म्हणून तिची वासलात लावली जाते. मात्र विश्रांती घेऊनही महिनोन्महिने न हटणारा थकवा गांभीर्यानेच घ्यावा लागतो. रक्तक्षय, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अपुरी झोप, नैराश्य अशी त्याची अनेक कारणे असतात. या लेखात आम्ही त्यांपैकी संप्रेरकांशी, म्हणजेच हार्मोन्सशी निगडित अशा दोन कारणांचा विचार करणार आहोत : गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ॲड्रिनल ग्रंथी.

या दोन्ही ग्रंथींचे विकार एकाच व्यक्तीत असू शकतात. अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९४७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, लंडनमध्ये ते कोसळले आणि त्यांना ॲडिसनचा विकार असल्याचे निदान झाले. मायदेशी परतताना त्यांची प्रकृती इतकी ढासळली की त्यांना रुग्णाभ्यंग संस्कार देण्यात आला. १९५४ साली पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तोच प्रसंग ओढवला. पुढे त्यांची थायरॉइड ग्रंथीही मंदावल्याचे आढळले. तरीही नियमित औषधोपचारांच्या आधारे ते १९६१ साली राष्ट्राध्यक्षपदी आरूढ झाले. योग्य निदान आणि अखंड उपचार यांचे मोल या उदाहरणातून ध्यानात येते.

थायरॉइड ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची असून तिच्यातून स्रवणारे थायरॉक्सिन शरीरातील ऊर्जानिर्मितीचा वेग ठरवते. ते कमी पडले की थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, वजन वाढणे, मासिक पाळीत अधिक रक्तस्राव अशी लक्षणे हळूहळू दिसू लागतात. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये पुष्कळ अधिक आढळतो. टीएसएच ही साधी रक्ततपासणी त्याचा सुगावा देते. ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका तिला जागे करण्यासाठी टीएसएच वाढवते. म्हणून हा आकडा वर जातो.

उपचार सोपा असला तरी त्याला शिस्त लागते. लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-न्याहारी टाळावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात, कारण त्या तिचे शोषण रोखतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. गर्भ राहिल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे, कारण तेव्हा बहुधा मात्रा वाढवावी लागते. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत मोठी चूक होय. बरे वाटते ते त्या गोळीमुळेच!

ॲड्रिनल ग्रंथींचा विकार दुर्मिळ आहे. पण त्याकडे दुर्लक्ष झाल्यास तो प्राणावर बेततो. लंडनचे डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली त्याचे वर्णन केले. त्यांच्या अनेक रुग्णांत क्षयरोगाने या ग्रंथी पोखरल्या होत्या. भारतात क्षयरोग आजही त्याचे एक कारण आहे, हे आपण विसरू नये. या विकारात कॉर्टिसॉल घटते. परिणामी थकव्यासोबत वजन घटणे, उभे राहताच घेरी येणे, मळमळ, खारट खाण्याची ओढ आणि तळहातांच्या रेषा व हिरड्या काळवंडणे ही लक्षणे दिसतात. सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी आणि आवश्यकतेनुसार विशेष चाचणी करून निदान होते. हायड्रोकॉर्टिसोनसारखे औषध आजन्म घ्यावे लागते. ताप आल्यास मात्रा वाढवावी लागते आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर विनाविलंब इंजेक्शनची गरज असते. म्हणून अशा रुग्णाने आपल्या विकाराची नोंद असलेले कार्ड सदैव जवळ बाळगावे आणि घरच्यांनाही सर्व समजावून सांगावे.

दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. अशांनी औषध एकाएकी थांबवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे. सांधेदुखीवर ‘रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्यांपासून दूर राहणेच श्रेयस्कर.

दोन्ही ग्रंथी बिघडल्या असतील तर उपचारांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी कॉर्टिसॉलची उणीव भरून काढावी लागते, मगच थायरॉक्सिन सुरू करता येते. क्रम उलटला तर शरीरातील उरलेसुरले कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्च होऊन जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो. शेजारणीची थायरॉइडची गोळी स्वतःवर आजमावणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळावे.

हल्ली ‘ॲड्रिनल फटीग’ नावाच्या आजारावर महागडी चूर्णे व गोळ्या विकल्या जातात. ताणामुळे या ग्रंथी ‘दमतात’ ही कल्पना संप्रेरकतज्ज्ञांच्या मान्यताप्राप्त संघटनांनी स्वीकारलेली नाही. अशा उपायांत पैसा जातो आणि खरे निदान लांबते. मात्र रुग्णाचा थकवा खोटा नसतो. म्हणूनच त्याचे खरे कारण शोधले पाहिजे.

आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे : घरातील कोणी सतत थकवा येत असल्याचे सांगत असेल तर त्याची टिंगल करू नका, त्याला दोषही देऊ नका. त्याचे म्हणणे ऐकून घ्या, त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि उपचार सुरू झाले की ते खंडित होऊ देऊ नका. आजारी माणसाला आळशी ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो आपल्या घरात तरी घडू नये.