काजूचे झाड आणि शिकलेले हात



२०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा शिरगावातील पुष्कळ घरांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : आता करायचे काय? खाणींच्या खड्ड्यांनी विहिरींचे पाणी ओढून घेतले होते. शेतांत गाळ साचला होता. डोंगरउतारावरचा काजू तेवढा उभा होता. पण ज्या हातांनी वर्षानुवर्षे ट्रक हाकला त्यांना कलम कसे बांधावे, फांदी कोठे छाटावी हे कोण शिकवणार? जमीन वारशाने मिळते, तिची विद्या मिळत नाही. ती एका पिढीत तुटली तर पुन्हा मुद्दाम शिकावी लागते.

ही विद्या एका गावात किंवा एका कचेरीत मिळत नाही. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात आपल्याकडे आणला. आज पेडणे, डिचोली व सत्तरीपासून पलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्यापर्यंत हा सगळा एकच काजूपट्टा आहे. मधून राज्याची सीमा जाते. पण झाडाला ती ठाऊक नाही आणि रोजगारासाठी इकडेतिकडे जाणाऱ्या मजुरालाही ती अडवत नाही. मग शिक्षण तरी सीमेपाशी का अडावे?

विद्या कोठे मिळते?

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण वेंगुर्ल्याचे. तेथील फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या अनेक जाती दिल्या. त्यांपैकी ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ यांची नावे आपल्या बागाईतदारांना चांगली माहीत आहेत. ‘वेंगुर्ला-७’ची एक बी सुमारे १० ग्रॅम भरते. आता हिशेब करून पाहा. ५ ग्रॅमची बी असेल तर एका किलोला २०० बिया वेचाव्या लागतात. १० ग्रॅमची असेल तर १००. म्हणजे दिवसभर उन्हात वाकून बी गोळा करणाऱ्या बाईचे वाकणे निम्मे होते. चांगले कलम केवळ उत्पन्न वाढवत नाही, ते कंबरही वाचवते.

बी पेरून वाढवलेले झाड आईसारखेच निघेल याची खात्री नसते. म्हणून चांगल्या झाडाच्या काडीचे कोवळ्या रोपावर कलम करतात. हे काम पुस्तकातून येत नाही. चाकू हातात धरून, दहा कलमे वाया घालवून मगच अकरावे जगते. याच विचाराने देशात कृषी विज्ञान केंद्रे निघाली; पहिले १९७४ साली पुदुच्चेरीत. तेथे पदवी विचारत नाहीत. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या तरुणालाही करता करता शिकवावे, हा त्यांचा मूळ हेतू आहे. उत्तर गोव्याचे केंद्र जुन्या गोव्यात, केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत आहे. डिचोलीहून ते काही लांब नाही.

ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठीही आता वाट मोकळी झाली आहे. पूर्वी शेतीची पदवी घ्यायची तर गोव्याच्या मुलाला परराज्यात जावे लागे. २०१५ साली सालेशियन फादरांनी केपे तालुक्यात सुळकर्णे येथे डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय सुरू केले. ते गोवा विद्यापीठाला जोडलेले आहे. अशा महाविद्यालयांच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. विद्यार्थी गावात येतात, शेतकऱ्याबरोबर राबतात. तेव्हा शेतकरीच गुरू होतो, हे विसरू नये.

आरोग्याचा धडाही हवा

मात्र झाडाचे शिक्षण दिले आणि राबणाऱ्या माणसाचे राहून गेले, तर ते अपुरे. याचा अनुभव शेजारच्या सत्तरीने घेतला आहे. २०१५ साली तेथे माकडतापाचे रुग्ण सापडले. हा रोग प्रथम १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. २०१६ साली सत्तरीच्या काजूबागांत कामाला आलेले बेळगाव जिल्ह्यातील मजूर या तापाने आजारी पडले. त्याच सुमारास दोडामार्गातही रुग्ण निघाले. बाग एका राज्यात, मजुराचे घर दुसऱ्या राज्यात. मग सावधगिरीचे शब्द त्याला सांगायचे कोणी? सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकत्र शिकवणे का जरूर आहे, ते येथे दिसते.

काजूचा हंगाम आणि या तापाचे दिवस एकाच वेळी येतात. म्हणून ध्यानात ठेवावे :

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल अंगाला लावावे. पाचोळ्यावर बसू नये. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून अंघोळ करावी व अंग नीट तपासावे. चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने सरळ ओढून काढावी. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नयेत. डॉक्टरांकडे जावे आणि “मी काजूच्या बागेत काम करतो” हे आधी सांगावे. या तापावर नेमके औषध नाही. लवकर मिळालेली शुश्रूषाच जीव वाचवते.

आपण काय करावे?

हंगाम सुरू होण्यापूर्वी एका रविवारी दुपारी बैठक घ्यावी. डिचोलीच्या विभागीय कृषी कार्यालयाचा माणूस आणि आरोग्य केंद्राची परिचारिका, दोघांना एकाच दिवशी बोलवावे. एक झाडाचे सांगेल, एक माणसाचे. बाहेरगावच्या मजुरांनाही त्या बैठकीस आणावे व त्यांच्या भाषेत समजावून सांगावे. ते मजुरीला आले असले तरी त्यांचा जीव आपल्या भरवशावर आहे. प्रत्येक वाड्यावरून एक तरुण व एक तरुणी कलमे बांधायला शिकण्यासाठी पाठवावी आणि परत आल्यावर त्यांनी दुसऱ्या दोघांना शिकवावे. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी आले तर त्यांना आपली बाग दाखवावी.

खाणीतले एकदा काढले की संपते. शिकलेल्या हाताचे तसे नाही. त्याने दुसऱ्याला दिले तरी त्याच्यापाशी उरतेच.