माळावरचा हिशेब

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला आणि धाराशिव जिल्ह्यात दुसरा विषयच उरला नाही. हा वाघ यवतमाळच्या टिपेश्वरचा, चारशेहून अधिक किलोमीटर तुडवून आलेला. कौतुक झालं, लोकांनी धास्तीही घेतली. पण वयात आलेला नर वाघ जन्माची हद्द सोडून स्वतःची शोधतो, तेच त्यानं केलं. इथल्या हवापाण्यानं घडवलेले जीव बघायचे तर घाट सोडून माळावर यावं.

पाऊस लागला की ओढ्यावर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. विणणारा नर असतो. गवताच्या पात्याला चोचीनं खाच पाडून तो लांब पट्टी सोलून काढतो, अर्धा खोपा विणून थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून तपासते. तिला पटला तरच तो खाली नळी विणून काम पुरं करतो. तिनं अंडी घातली की हा पठ्ठ्या शेजारी दुसऱ्या खोप्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी! सलीम अलींनी हा सगळा प्रकार १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला बारकाईनं टिपला.

पण हे असं का? जॉन क्रूक यांनी १९६४ मध्ये विणकर पक्ष्यांच्या सुमारे ९० जाती ताडून पाहिल्या. दाट जंगलात किडे खाणाऱ्यांचं अन्न विखुरलेलं. पिल्लं भरवायला नर-मादी दोघं लागतात, घरटंही एकटं आणि लपवलेलं. गवताळ मुलखात बी पिकतं ते एका जागी, ढिगानं. थव्यानं शोधलेलं बरं. सुरक्षित झाडं मोजकी, म्हणून वसाहत. सुगीत मादी एकटीही पिल्लं वाढवते, म्हणून नराला दुसरा संसार परवडतो. आपण ज्याला स्वभाव म्हणून नावं ठेवू, त्याच्या मुळाशी दाण्यांचा हिशेब असतो.

काळवीटही त्याच हिशेबानं चालतं. उघड्यावर लपायला जागा नाही, म्हणून मोठा कळप, पहाऱ्याला अनेक डोळे. झुडपात कळप लहान. गुजरातमधल्या वेळावदरला हरणं दाट, तिथे नर एकाच मैदानात छोटे तुकडे अडवून दाटीनं उभे राहतात. जिथे ती विरळ, तिथे नर ऐसपैस इलाखा राखतो. जात एकच, रीत वेगळी; प्रत्येक फरक रक्तातून येतो असं नाही.

लांडग्यानं ही लवचीकता पुरेपूर वापरली. हरणं घटली तसा तो धनगरांच्या मेंढ्यांमागे लागला, माणसांची चाहूल ओळखून रात्री फिरू लागला. माळढोकाला ते जमलं नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि रंगाच्या भरवशावर निश्चल बसते. कोल्ह्यापासून वाचवणारी ही युक्ती ट्रॅक्टरपुढे कुचकामी. शिवाय समोरचं धड दिसत नाही, अंग जड, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. शेजारच्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं; आज तिथे तो दिसला तर बातमी होते.

लाखो वर्षांत जुळलेला हा हिशेब आपण एका पिढीत मोडतो आहोत, तोही बऱ्याचदा माळाला पडीक समजून, चांगल्या हेतूनं. तेव्हा गावात वृक्षलागवडीसाठी कुणी माळाचा गट सुचवला, तर ग्रामसभेत उठून विरोध करा. झाडं बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा. माळाला गवतच राहू द्या.